मजकुरापासून ध्वनिपुस्तकापर्यंत : कर्जत-खालापूरसाठी एक कार्यपद्धती

छापलेला किंवा संगणकावर टंकलेला मजकूर दृष्टिबाधित वाचकाला स्वतंत्रपणे ऐकता, थांबवता आणि हवे तेथून पुन्हा सुरू करता यावा अशा रूपात आणणे, म्हणजे ध्वनिपुस्तक तयार करणे होय. हे काम एकेकाळी महानगरातील सुसज्ज ध्वनिमुद्रणगृहांतच होऊ शकत असे. आज मात्र एक साधा संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि मराठी शुद्ध वाचणारी दोन-चार माणसे एवढ्या सामग्रीवर रायगड जिल्ह्याच्या कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखादी माध्यमिक शाळा, सार्वजनिक वाचनालय किंवा युवक मंडळही ते पार पाडू शकते. साधने सुलभ झाल्यामुळे एक गैरसमजही पसरला आहे, तो असा की मजकुराची फाइल एखाद्या प्रोग्रॅममध्ये घातली आणि कळ दाबली की ध्वनिपुस्तक तयार होते. प्रत्यक्षात त्या कृतीतून मिळतो तो निव्वळ आवाज. डोळस वाचक पान उलटतो, अनुक्रमणिका पाहतो, तळटीप वगळतो, तक्त्यातील नेमका रकाना शोधतो आणि चित्रावरून नजर फिरवतो. या सर्व क्रिया कानाने करता येतील अशी मजकुराची मांडणी केल्याशिवाय त्या आवाजाचे पुस्तक होत नाही. म्हणून रूपांतराच्या श्रमांपैकी मोठा वाटा ध्वनी निर्माण होण्यापूर्वीच, मजकूर तयार करण्यात खर्च झाला पाहिजे, हे या कार्यपद्धतीचे मुख्य सूत्र आहे.

स्थानिक पातळीवर हे काम का करावे

अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके देण्याची पद्धत नवी नाही. ब्रिटनमध्ये १९३५ पासून तबकड्यांवर मुद्रित केलेली बोलकी पुस्तके वाचकांना पाठवली जात होती, आणि भारतात १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच नॅब, या संस्थेने बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय उभारून मराठीसह अनेक भाषांतील साहित्य श्राव्य रूपात आणले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून कार्यरत असलेले दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आणि पुण्यातील निवांत अंध मुक्त विकासालय यांसारख्या संस्थांनी उच्च शिक्षणातील वाचनाची गरज हाती घेतली. या संस्थांचे कार्य मोलाचे असले, तरी कर्जत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटरवर आहे, आणि कर्जतपलीकडच्या एखाद्या ठाकूरवाडीतील किंवा कातकरीवाडीतील दृष्टिबाधित व्यक्तीसाठी हे अंतर त्याहूनही मोठे असते.

अंतरापेक्षाही महत्त्वाचे कारण मजकुराच्या स्वरूपात आहे. नामवंत कादंबरी आज ना उद्या मोठ्या संस्थेकडून ध्वनिमुद्रित होईल. परंतु कर्जतच्या भातसंशोधन केंद्राने शिफारस केलेल्या वाणांची माहितीपत्रिका, ग्रामसभेची नोटीस, वनहक्क दाव्याचा अर्ज भरण्याच्या सूचना, शाळेने काढलेले हस्तलिखित किंवा स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल यांच्या आझाद दस्ता या भूमिगत पथकाविषयी स्थानिक अभ्यासकाने लिहिलेली पुस्तिका बाहेरचे कोणी मुद्रित करील अशी अपेक्षा धरता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर डोंगरउतारावरील वस्त्यांसाठी दरडीची पूर्वलक्षणे आणि स्थलांतराच्या सूचना किती निकडीच्या आहेत हे सर्वांना कळले; अशा सूचनांचे पत्रक ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत ते ध्वनिरूपात पोहोचवणे हा सुरक्षिततेचाच भाग मानला पाहिजे. त्यामुळे नव्याने काम सुरू करणाऱ्या गटाने आरंभी पाच-दहा मिनिटांचे असे उपयुक्त मजकूर घ्यावेत, त्यांवर हात बसला की पाठ्यपुस्तकांकडे आणि शेवटी दीर्घ ग्रंथांकडे वळावे.

कायद्याची चौकट

पुस्तकाचे ध्वनीत रूपांतर करणे ही कायद्याच्या दृष्टीने त्या कृतीची प्रत काढणे होय, आणि सर्वसाधारणपणे त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. तथापि प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ (१) (झेडबी) समाविष्ट झाले, आणि त्यानुसार अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा सुगम रूपात कोणतीही कृती रूपांतरित करणे, तिच्या प्रती काढणे व त्या अशा व्यक्तींना खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. या सवलतीला दोन मर्यादा आहेत. प्रती नफ्यासाठी नव्हेत, फार तर निर्मितीखर्च भरून निघेल एवढ्याच मोबदल्यात द्याव्या लागतात. आणि संस्थेने त्या केवळ अपंग व्यक्तींच्याच वापरात राहतील, सर्वसाधारण बाजारात जाणार नाहीत, याची वाजवी काळजी घ्यावी लागते. म्हणून असे ध्वनिपुस्तक सर्वांना खुल्या असलेल्या दृक्-श्राव्य वाहिनीवर चढवणे किंवा गावाच्या सार्वजनिक समाजमाध्यम गटावर टाकणे योग्य नाही. ते नोंद ठेवून, वाचकाच्या हाती किंवा त्याच्या वैयक्तिक फोनवर द्यावे. दृष्टिबाधितांसाठी अशी मुभा देशोदेशीच्या कायद्यांत असावी आणि सुगम प्रती सीमेपलीकडेही पाठवता याव्यात, यासाठी २०१३ मध्ये माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता.

ज्या कृतींचा प्रताधिकार संपला आहे त्यांच्या बाबतीत या मर्यादाही उरत नाहीत. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्यामुळे त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभी मुक्त झाली. शेजारच्या पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तकही मुक्त आहे. याउलट त्याच तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भावे यांचे निधन १९८२ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील प्रताधिकार २०४२ अखेरपर्यंत राहील आणि ते ध्वनिरूपात आणताना वरील सवलतीच्या मर्यादा पाळाव्या लागतील. मुक्त झालेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा आणि चित्रे मात्र स्वतंत्रपणे संरक्षित असू शकतात, म्हणून शक्यतो जुनी आवृत्ती आधाराला घ्यावी.

काम हाती घेण्यापूर्वी ते पुस्तक आधीच उपलब्ध नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे भारतातील सुगम पुस्तकांचे सामाईक ऑनलाइन ग्रंथालय असून, अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या वाचकाला त्याचे सभासद होता येते. तेथे पुस्तक सापडले तर नव्याने श्रम करण्याऐवजी वाचकाची सभासद-नोंदणी करून देणे हीच अधिक मोठी मदत ठरते.

मजकूर युनिकोडमध्ये आणणे

संगणकाने मराठी मजकूर वाचावा यासाठी तो युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत असावा लागतो, कारण युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराला एक ठरलेला संकेत असतो आणि फॉन्ट बदलला तरी तो बदलत नाही. मराठीतील मुद्रणालये, वृत्तपत्रे आणि शासकीय कार्यालये यांनी मात्र अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, डीव्हीबी सुरेख अशा संचांत टंकन केले, आणि त्या फाइलींत पडद्यावर मराठी अक्षरे दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात. अशी फाइल वाचक-प्रोग्रॅमला दिली तर निरर्थक रोमन अक्षरांची मालिका ऐकू येते. तपासण्याची सोपी रीत अशी की मजकुरातील एक ओळ नकलून साध्या नोटपॅडमध्ये किंवा फोनवरील संदेशात चिकटवावी; ती तेथेही मराठीच दिसली तर मजकूर युनिकोड आहे, अन्यथा योग्य परिवर्तकातून तो बदलून घ्यावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी विशेष लक्ष देऊन तपासावी, कारण परिवर्तनात सर्वाधिक मोडतोड तेथेच होते.

मजकूर केवळ छापील स्वरूपात असेल तर पाने स्कॅन करून त्यांवर प्रकाशीय अक्षरओळख, म्हणजे प्रतिमेतील अक्षरे ओळखून त्यांचे टंकित मजकुरात रूपांतर करण्याची प्रक्रिया, चालवावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत आणि गुगल ड्राइव्हमध्ये मराठीसाठी ही सोय आहे. पान ३०० बिंदू प्रति इंच या स्पष्टतेने, सरळ आणि सावली न पडू देता स्कॅन केले तर चुका बऱ्याच कमी होतात. तरीही ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांची अदलाबदल, जुन्या खिळ्यांच्या छपाईतील ‘ख’चे ‘रव’ होणे, अनुस्वार गळणे आणि ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र बिघडणे हे दोष हमखास आढळतात. यासाठी एकाने मूळ पुस्तक मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावरील मजकूर पाहून दुरुस्त करावा, ही मुद्रितशोधनाची जुनी जोडीची पद्धत सर्वांत विश्वसनीय आहे. मराठी विकिस्रोतावर अनेक जुन्या पुस्तकांचा युनिकोड मजकूर असून त्यातील बराचसा तपासलेला आहे. तो मिळाल्यास हा संपूर्ण टप्पा वाचतो.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत लेखनपद्धतीचाही विचार करावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘पांच’, ‘केलें’, ‘घरांत’ अशी रूपे सर्वत्र असतात. मानवी वाचक ती रूपे आपोआप नीट उच्चारतो. संगणकीय आवाज मात्र प्रत्येक अनुस्वाराचा अनुनासिक उच्चार करतो आणि संपूर्ण वाक्य कानाला विचित्र लागते. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा एका फाइलीत जतन करावा, आणि दुसरी ‘वाचनप्रत’ करून तिच्यात केवळ ध्वनिनिर्मितीच्या सोयीसाठी असे अनुस्वार काढावेत. शब्द, वाक्यरचना किंवा आशय यांत कोणताही बदल करू नये, आणि केलेल्या बदलाची नोंद ध्वनिपुस्तकाच्या आरंभी ऐकवावी.

मजकूर कानासाठी मांडणे

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रकरणाचे नाव केवळ ठळक व मोठ्या अक्षरांत करणे पुरेसे नसते; त्याला ‘शीर्षक १’, उपप्रकरणाला ‘शीर्षक २’ अशी अधिकृत शैली द्यावी लागते, कारण पुढील सर्व साधने या शैलींवरूनच पुस्तकाचा सांगाडा ओळखतात आणि वाचकाला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट करून देतात. पाठ्यपुस्तकात पानांचे क्रमांकही राखावेत, कारण शिक्षक वर्गात ‘पान ४२ उघडा’ असे सांगतात तेव्हा दृष्टिबाधित विद्यार्थ्यालाही त्याच पानावर पोहोचता आले पाहिजे.

संक्षेप आणि आकडे यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी. ‘इ. स.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘रु.’, ‘उदा.’, ‘कि. मी.’ यांतील टिंबांना संगणकीय आवाज वाक्याचा शेवट समजू शकतो, म्हणून वाचनप्रतीत ती रूपे पूर्ण लिहावीत. ‘७/१२’ हा मजकूर ‘सात भागिले बारा’ किंवा सात डिसेंबर असा वाचला जाण्याचा धोका असतो, तेथे ‘सातबारा’ असे अक्षरी लिहावे. ‘कर्जत-३’ हे भाताच्या वाणाचे नाव ‘कर्जत वजा तीन’ असे होऊ नये म्हणून मधली रेघ काढून ‘कर्जत तीन’ असे करावे. आणि भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले ती ‘२-१-१९४३’ ही तारीख ‘२ जानेवारी १९४३’ अशी लिहावी. अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत नावाचा तालुका आहे, आणि ऐकणाऱ्यासमोर नकाशा किंवा मथळा नसतो. त्यामुळे स्थानिक माहितीच्या ध्वनिफाइलीत आरंभी एकदा ‘रायगड जिल्ह्यातील कर्जत’ असा स्पष्ट उल्लेख करणे हितावह असते.

तक्ता जसाच्या तसा वाचला तर ऐकणाऱ्याला आकड्यांची रांग मिळते आणि कोणता आकडा कशाचा हे कळत नाही. त्यासाठी प्रथम तक्त्याचा विषय, रकान्यांची संख्या व त्यांची नावे सांगावीत आणि मग प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात मांडावी. कर्जत-खोपोली लोकलचे वेळापत्रक ध्वनिरूपात आणायचे असेल, तर मार्गावरील कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली ही स्थानके क्रमाने एकदा सांगावीत, आणि नंतर प्रत्येक गाडीसाठी ‘कर्जतहून अमुक वाजता सुटते, खोपोलीला अमुक वाजता पोहोचते’ असे वाक्य द्यावे.

चित्र, नकाशा आणि आकृती यांचे वर्णन करताना त्या प्रतिमेने त्या ठिकाणी कोणते काम केले आहे, एवढ्याचाच विचार करावा. दोन तालुक्यांच्या नद्यांचा नकाशा असेल तर रंग आणि रेषांची जाडी सांगण्याची गरज नसते. ‘उल्हास नदी राजमाचीच्या डोंगराळ भागात उगम पावून कर्जतजवळून उत्तरेकडे कल्याणच्या दिशेने आणि पुढे वसईच्या खाडीकडे जाते, तर पाताळगंगा खोपोलीकडून पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे वाहते’ एवढे वर्णन विद्यार्थ्याला तो नकाशा समजण्यास पुरेसे होते. वर्णनाच्या आधी ‘नकाशाचे वर्णन’ आणि शेवटी ‘वर्णन समाप्त’ असे शब्द घालावेत, म्हणजे लेखकाचा मजकूर आणि निर्मात्याने घातलेली भर यांत गल्लत होत नाही. तळटिपांचेही असेच आहे : अर्थ समजण्यास आवश्यक असलेली टीप वाक्य संपताच ‘टीप’ असे म्हणून द्यावी, आणि केवळ संदर्भ देणाऱ्या टिपा प्रकरणाच्या शेवटी एकत्र कराव्यात.

संगणकीय आवाज की मानवी आवाज

मजकूर तयार झाल्यावर आवाजाची निवड करावी, आणि ती मजकुराच्या प्रयोजनावरून ठरवावी. नोटिसा, माहितीपत्रके, सतत बदलणारे नियम, स्पर्धा परीक्षांची टिपणे यांसाठी संगणकीय आवाज उत्तम, कारण मजकूर बदलला की काही मिनिटांत नवी फाइल तयार होते. कथा, नाटक, कविता, लहान मुलांची पुस्तके आणि ठाकरी किंवा कातकरी बोलीतील संवाद असलेले लेखन यांसाठी मात्र मानवी आवाजच घ्यावा. बोलीचा हेल आणि संवादातील भाव संगणकीय आवाजाला साधत नाहीत, आणि या दोन तालुक्यांत त्या बोली घरी बोलणारे तरुण वाचक सहज मिळू शकतात.

मराठी संगणकीय आवाजांचे सध्या अनेक पर्याय आहेत. अँड्रॉइड फोनवरील गुगलच्या वाचा-प्रणालीत मराठी आवाज आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमधील मोठ्याने वाचण्याच्या सोयीत ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे नैसर्गिक वाटणारे मराठी आवाज असून त्यांना इंटरनेट लागते. आणि ई-स्पीक एनजी हा मुक्त आवाज-संच इंटरनेटविना चालतो, परंतु त्याचा सूर यांत्रिक असतो. विंडोज संगणकावर बालाबोल्का हा विनामूल्य प्रोग्रॅम संगणकात बसवलेल्या आवाजांच्या साहाय्याने मजकूर वाचून त्याची एमपी३ फाइल करतो, शीर्षकानुसार मोठ्या मजकुराचे भाग पाडतो आणि चुकीच्या उच्चारांसाठी बदलशब्दांची यादी ठेवू देतो. ही यादी हळूहळू वाढवत नेणे ही प्रत्येक गटाची कायमची ठेव ठरते : कशेळे, कडाव, वावोशी, लौजी अशी गावांची नावे, स्थानिक आडनावे आणि भातशेतीतील शब्द एकदा नीट उच्चारले गेले की पुढील प्रत्येक पुस्तकात ते नीटच येतात. मराठीतील च, ज, झ यांचे दंत्य आणि तालव्य असे दुहेरी उच्चार लेखनात वेगळे दाखवले जात नाहीत, त्यामुळे ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ यांत संगणकीय आवाज चुकू शकतो. अशा जागा कानाने ऐकूनच पकडाव्या लागतात. कोणाचा सातबारा, वैद्यकीय अहवाल किंवा बँकेची कागदपत्रे ऐकण्यायोग्य करताना मजकूर ऑनलाइन सेवेकडे न पाठवता संगणकातच चालणारा आवाज वापरावा.

मानवी आवाजाचे ध्वनिमुद्रण

मानवी वाचनासाठी ऑडॅसिटी हा विनामूल्य ध्वनिसंपादक पुरेसा आहे. वाचकाने संपूर्ण प्रकरण आधी मनात वाचून अवघड शब्दांचे उच्चार ठरवावेत, मायक्रोफोन तोंडापासून साधारण एका वितीवर आणि किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे प, फ, ब, भ यांच्या उच्चारात सुटणारी हवा थेट त्यावर आदळत नाही. वेग मिनिटाला ११० ते १३० शब्दांच्या आसपास ठेवावा. त्या हिशेबाने ६०,००० शब्दांचे पुस्तक आठ-नऊ तासांचे होते, आणि चुका दुरुस्त करून ते पूर्ण करण्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरावा लागतो. वाचन स्पष्ट आणि समरस असावे, परंतु नाटकी नसावे, कारण अर्थ लावण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे.

या परिसरात बाह्य आवाजांचा विचार विशेष करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात पत्र्याच्या छपरावर पडणारा पाऊस कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने पूर्णपणे काढता येत नाही. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात, तेथील भोंगे दूरवर ऐकू येतात. आणि खालापूरच्या बाजूला द्रुतगती मार्गावरील वाहनांचा सलग घरघराट असतो. यास्तव स्लॅबच्या इमारतीतील, रस्त्यापासून आतली लहान खोली निवडावी, भिंतींना गोधड्या किंवा जाड पडदे लावावेत, पंखा बंद ठेवावा आणि पहाटेची किंवा रात्रीची वेळ घ्यावी. दीर्घ पुस्तकांचे मुद्रण हिवाळ्यात व उन्हाळ्यात उरकून पावसाळा मजकूरशुद्धी व तपासणी यांसाठी राखून ठेवणे सोयीचे होते. प्रत्येक बैठकीच्या आरंभी काही सेकंद शांतता मुद्रित करावी, म्हणजे तिच्या आधारे ऑडॅसिटी पार्श्वभूमीचा सलग आवाज कमी करू शकते; हे साधन बेताने वापरावे, कारण अतिवापराने आवाज पोकळ होतो.

पुस्तकाला सांगाडा देणे आणि फाइली रचणे

दृष्टिबाधितांच्या ध्वनिपुस्तकांसाठी डेझी हे आंतरराष्ट्रीय मानक प्रचलित आहे, आणि ते राखणारा संस्थासंघ १९९६ मध्ये स्थापन झाला. डेझी पुस्तकात ध्वनी आणि पुस्तकाची रचना परस्परांना जोडलेली असते, त्यामुळे वाचक शीर्षकांच्या सहा स्तरांपर्यंत, पानाच्या क्रमांकाने किंवा वाक्यावाक्याने पुढे-मागे जाऊ शकतो आणि हव्या त्या जागी खूण ठेवू शकतो. ओबी हा विनामूल्य प्रोग्रॅम मुद्रण करतानाच ही रचना बांधू देतो, तयार ध्वनिफाइली आत घेऊ शकतो आणि तो स्क्रीनरीडरसह, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीसह, चालतो. त्यामुळे दृष्टिबाधित व्यक्ती स्वतः निर्मितीचे काम करू शकते, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. शीर्षकशैली नीट दिलेल्या वर्ड फाइलीचे वर्ड-टू-ईपब या साधनाने ई-पुस्तकही करता येते, आणि ज्या वाचकाला शब्दाचे लेखन तपासायचे असते त्याला ध्वनीबरोबर मजकूरही मिळतो.

सर्वच वाचकांकडे डेझी चालवणारे यंत्र किंवा स्मार्टफोन नसतो. वयस्क वाचक अनेकदा साध्या कळांच्या फोनवर किंवा मेमरी कार्ड घालायच्या छोट्या वाजवणी-यंत्रावर ऐकणे पसंत करतात, आणि डोंगराकडील वाड्यांत नेटवर्कही भरवशाचे नसते. त्यांच्यासाठी त्याच पुस्तकाची एमपी३ आवृत्ती करावी. एकमार्गी आवाज आणि सेकंदाला ६४ किलोबिट ही गुणवत्ता बोलण्यासाठी पुरेशी असून एका तासाला सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर हजार तासांच्या आसपास वाचन मावते. एक फाइल दहा ते वीस मिनिटांची ठेवावी, आणि तिचे नाव ‘००१’, ‘००२’ अशा तीन आकडी क्रमांकाने सुरू करावे. स्वस्त यंत्रांना देवनागरी नावे वाचता येत नसल्याने फाइलीच्या नावात हे क्रमांक इंग्रजी अंकांत टंकावेत. अनेक यंत्रे नावाच्या नव्हे, तर कार्डावर नकललेल्या क्रमाने फाइली वाजवतात, म्हणून त्या एकामागून एक, क्रमानेच कार्डावर घ्याव्यात. प्रत्येक फाइलीच्या आरंभी पुस्तकाचे व प्रकरणाचे नाव आणि शेवटी ‘भाग समाप्त’ हे शब्द असावेत. पहिल्या फाइलीत लेखक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, वाचन करणाऱ्याचे नाव, प्रकरणांची संख्या, एकूण कालावधी आणि ही प्रत केवळ अपंग वाचकांसाठी असल्याची सूचना द्यावी. सर्व फाइलींतील आवाजाची पातळी सारखी राहावी. श्राव्य पुस्तकांच्या व्यवसायात सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान आणि उच्चतम पातळी उणे ३ डेसिबलपर्यंत ठेवण्याची रीत आहे, ती येथेही उपयोगी पडते.

तपासणी, वितरण आणि सातत्य

तयार झालेले ध्वनिपुस्तक दोनदा तपासावे. पहिल्या वेळी निर्मात्यांपैकी एकाने छापील प्रत समोर ठेवून गळलेल्या ओळी आणि चुकीचे उच्चार नोंदवावेत. दुसऱ्या वेळी ते दृष्टिबाधित वाचकाच्या हाती, त्याच्याच यंत्रावर द्यावे आणि त्याला ठरावीक कामे करण्यास सांगावे : तिसऱ्या प्रकरणावर जाणे, पान ४२ शोधणे, तक्त्यातील एक आकडा सांगणे. ही कामे त्याला दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमली तरच पुस्तक पूर्ण झाले असे मानावे. जिथे तो अडखळतो तिथे दोष त्याच्या सवयीत न शोधता मांडणीत शोधावा, आणि त्याची सूचना पुढील पुस्तकासाठी लिहून ठेवावी.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत वेळापत्रक कठोरपणे पाळणे आवश्यक आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात, त्यामुळे उन्हाळी सुट्टीतच पुढील इयत्तेच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे रूपांतर पूर्ण करता येते. गणित व विज्ञानातील सूत्रे आणि आकृत्या यांसाठी ध्वनी अपुरा पडतो, तेथे ब्रेल आणि स्पर्शाने कळणाऱ्या आकृत्यांची जोड द्यावी. ध्वनिपुस्तक हे ब्रेलची जागा घेण्यासाठी नसते, कारण ऐकून ज्ञान मिळते तरी शब्दांचे लेखन बोटांखालीच पक्के होते.

एका गावात हे काम एकट्याने चालवण्यापेक्षा कामाची विभागणी करून ते टिकवावे. स्कॅनिंग आणि मजकूरशुद्धी महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात, निवृत्त शिक्षक उच्चार व वर्णने तपासू शकतात, वाचनालय कार्डांची देवघेव व नोंदवही सांभाळू शकते, आणि अंतिम तपासणीचा अधिकार दृष्टिबाधित वाचकांकडे असावा. मूळ मजकूर, वाचनप्रत, उच्चारांची यादी आणि ध्वनिफाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात आणि चांगली झालेली पुस्तके मान्यताप्राप्त संस्थेमार्फत सुगम्य पुस्तकालयाला द्यावीत, म्हणजे कर्जतमध्ये झालेल्या श्रमाचा लाभ राज्यभरातील मराठी वाचकांना होतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने माहिती सुगम रूपात मिळणे हा हक्क मानला आहे. परंतु हक्क प्रत्यक्षात येतो तो अशा शुद्ध केलेल्या ओळींतून, नीट दिलेल्या शीर्षकांतून आणि वेळेवर हाती पडलेल्या कार्डातून, आणि हे तिन्ही या दोन तालुक्यांतील लोकांच्या आवाक्यात आहे. त्यामुळे ज्या शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत एक जरी दृष्टिबाधित वाचक आहे, तिने पुढील नोटीस काढताना ती युनिकोडमध्ये टंकून तिची ध्वनिफाइल त्याच दिवशी त्या वाचकाला द्यावी. कामाचा आरंभ तेथूनच होतो.